फ्रिज नसलेल्या घरातलं इन्सुलिन

"इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा." हे वाक्य मी वर्षानुवर्षं सवयीनं म्हणत आलो. ते किती महाग पडतं, हे देवळी तालुक्यातल्या एका शेतमजूर बाईंकडून कळलं.

मे महिना, वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर. बाईंची साखर ४०० च्या पुढे. सुई घेता ना, असं विचारलं तर म्हणाल्या, "मालकीनबाई नागपूरले लग्नाले गेल्या व्हत्या जी. घराले कुलूप व्हतं. तीन दिस सुई नाई घेतली."

ज्यांच्या वावरात त्या निंदण-वेचणी करतात, त्यांच्या फ्रिजमध्ये यांची कुपी. रोज दोनदा जायचं आणि कोणी आणून देईपर्यंत अंगणात थांबायचं. मालकीणबाईंनाही मधुमेहच, त्याही माझ्याच पेशंट. गेल्या हंगामात कापूस वेचणीचा किलोमागचा भाव वाढवून मागायला बाकीच्या बाया गेल्या, या गेल्या नाहीत. "त्यायच्या घरी औषध ठेवतो, भांडू कशी?"

आणि यातलं बरंचसं गरजेचंच नव्हतं. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, हे खरं. पण वापरायला काढलेली कुपी २५ ते ३० अंशांच्या आत साधारण ४ आठवडे चालते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यासाठी मडकं पुरतं. मोठ्या मडक्यात वाळू घालून ती ओली ठेवायची, त्यात लहान मडकं बसवायचं, वर ओलं फडकं. कुपी झाकणाच्या कोरड्या डबीत घालून लहान मडक्यात ठेवायची. पाणी उडून जाताना मडकं गार होतं. हवा कोरडी असेल तितकं जास्त. मडकं सावलीत, वारा लागेल असं हवं. कुपी एका वेळी एकच आणावी. बर्फात मात्र कधीच ठेवू नये. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं नाही.

सेवाग्राम इथून जवळच. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयानं गावांसाठी आरोग्य विमा काढला, तेव्हा हप्ता ज्वारीत घेतला आणि तोही जमिनीप्रमाणे. ज्याचं वावर मोठं, त्याची ज्वारी जास्त. माणसाच्या घरात काय आहे ते आधी बघायचं, हे याच जिल्ह्यात कुणी करून दाखवलं होतं. मी चिठ्ठी लिहिताना प्रत्येक घरात फ्रिज धरूनच चाललो.

पुढच्या खेपेला बाईंची साखर १८० होती. कुपी आता त्यांच्याच घरी, चुलीपासून लांबच्या कोपऱ्यात असते.