बिनपाण्याची

एखाद्याला कुणी पुरतं लुबाडलं, किंवा चारचौघांत त्याची यथेच्छ खरडपट्टी काढली, की मराठीत त्याची 'बिनपाण्यानं हजामत' झाली असं म्हणतात. या वाक्प्रचारापाशी जरा थांबण्यासारखं आहे. छळाचं चित्र उभं करायला इथं बोथट वस्तरा घेतलेला नाही, न्हाव्याचा थरथरता हात घेतलेला नाही. नुसतं पाणी काढून घेतलं आहे. ज्यानं कुणी हा प्रयोग पहिल्यांदा केला त्याला दाढीचं मर्म कळलेलं होतं. हत्यार कितीही उंची असो, गाल कोरडा असेल तर ती शिक्षाच. न्हावी असलेल्या संत सेना महाराजांनी आपल्या धंद्याच्या परिभाषेत जो प्रसिद्ध अभंग रचला, त्यातही आरसा विवेकाचा आहे, चिमटा वैराग्याचा आहे आणि डोईला चोळायचं पाणी शांतीचं आहे. वाटी, ब्रश, साबण आणि एका पात्याचं रेझर घेऊन जुन्या वळणाची दाढी करणाऱ्यांना आज हौशी समजतात. त्यांतले काही जण तशी हौस मिरवतातही. पण त्या दाढीत जे सुख आहे ते हौसेचं कमी आणि पाण्याचं जास्त, असं मला वाटतं. दाढी मुळात पाणी करतं. पातं शेवटी येऊन सही ठोकतं.

केस हा भारी तहानलेला पदार्थ आहे. पूर्ण भिजला की तो आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के पाणी पिऊन बसतो. लांबीत तो फारसा वाढत नाही, जाडीत मात्र १४-१५ टक्के फुगतो, आणि फुगलेला केस कापायला कोरड्या केसापेक्षा पुष्कळच कमी जोर लागतो. अडचण इतकीच की हे पिणं घाईघाईनं होत नाही. दाढीच्या केसावर त्वचेच्या तेलाचा हलका लेप असतो, तो साबणानं निघावा लागतो, आणि मग दोन-तीन मिनिटं तरी पाणी केसाला लागून राहावं लागतं. गरम पाण्यानं हे काम लवकर उरकतं, म्हणून आंघोळीनंतरची दाढी सोपी जाते. एवढा मान केसाला कशाला द्यायचा, असं कुणाला वाटेल. त्यानं २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेलं एमआयटीच्या संशोधकांचं काम पाहावं. केस पात्याच्या पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो, तरी काही दाढ्यांत पातं बोथट होतं ते कसं, हा त्यांचा प्रश्न होता. धार हळूहळू झिजून गोल होत असेल असा सर्वसाधारण समज. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र धारेचे बारीक टवके उडालेले दिसले. केस वाकला, पात्याला तिरका भेटला, आणि पोलादात नेमक्या तिथं कमकुवत जागा असली, की मऊ केस पोलाद फोडतो. अशा प्रतिस्पर्ध्याला आधी भिजवून नरम करणं यात शहाणपण आहे. त्याला नखरा म्हणणाऱ्यांनी आपलं एखादं जुनं पातं उन्हात धरून पाहावं.

मग फेस कशासाठी? शोभेसाठी तर नाहीच. पाणी गालावर थांबत नाही, ओघळून जातं. त्याला गालावर उभं करायचं तर फेस लागतो. ब्रश गरम पाण्यात भिजवून ठेवायचा, उचलून हलकेच पिळायचा, आणि साबणावर गोल फिरवायचा. पहिल्यांदा मोठमोठे बुडबुडे येतात, ओशाळवाणे, पाहता पाहता फुटणारे. कपड्याच्या साबणालाही येतात तसे. इथं पुष्कळांचा धीर सुटतो आणि ते तसेच गालाला फासून मोकळे होतात. पण ब्रशच्या टोकाला पाण्याचे दोन-चार थेंब लावून आणखी मिनिटभर फिरवत राहिलं, की बुडबुडे बारीक होतात, मग दिसेनासे होतात, आणि वाटीत सायीच्या दह्यासारखं काहीतरी चकाकू लागतं. ब्रश उचलला की त्याला एक तुरा राहतो. हा फेस तयार झाला. पाणी कमी पडलं तर तो गालावरच खरवडून येतो, जास्त झालं तर हनुवटीवरून बनियनवर. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं आणि पोटॅशचा क्षारही असतो, म्हणून हा फेस अंगाच्या साबणापेक्षा दाट होतो आणि टिकतो. त्यातही पाण्याची जात आडवी येते. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड असतं. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, हे स्वयंपाकघराला आणि न्हाणीघराला सारखंच ठाऊक आहे. अशा गावी साबणाचा दर्जा वाढवून काही साधत नाही. तांब्याभर पावसाचं किंवा गाळणीच्या यंत्राचं पाणी घेतलं की स्वस्त क्रीमही नीट वागू लागते. ब्रश बिज्जूच्या केसांचा की डुकराच्या की कृत्रिम धाग्याचा, यावर हौशी मंडळींत जे घनघोर वाद चालतात ते मला या एका तांब्यापुढं फिके वाटतात.

यावर पहिला आक्षेप वेळेचा येतो. सकाळी ७:४२ची लोकल पकडणाऱ्या माणसाला वाटीत दही लावत बसायला सांगणं हा विनोदच आहे. आक्षेप खरा आहे, पण त्यातला हिशेब चुकलेला आहे. गालावर फेस ठेवून घालवलेली दोन मिनिटं पुढं खरचटणं, जळजळ आणि त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवणं यांत वसूल होतात. शिवाय ती मिनिटं वाचवण्यासाठी जे उपाय निघाले त्यांनी काय केलं? १९७१ साली दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं, १९९८ साली तीन पाती झाली, २००६ साली पाच. पहिल्या पात्यानं केस ओढून धरायचा आणि पुढच्यानं तो मागं सरकायच्या आत कापायचा, अशी ही युक्ती. एका फेऱ्यात गुळगुळीत होतं हे कबूल. पण केस त्वचेच्या पातळीखाली कापला गेला तर पुन्हा उगवताना तो आतच वळतो, आणि ज्यांची दाढी कुरळी आहे त्यांच्या मानेवर पुटकुळ्यांची रांग उठते. एका पात्याला जोर लावायची सोय नाही. हँडलच्या वजनावर, साधारण ३० अंशांच्या कोनात, ते नुसतं चालू द्यायचं. केस नीट भिजला असेल तर कर्रकर्र असा बारीक, कोरड्या पानांवरून चालल्यासारखा आवाज येतो. तो आवाज बदलला की कोन चुकला, हे डोळ्याआधी कानाला कळतं. गालावर सगळं सोपं असतं. खरी परीक्षा ओठाच्या वरची, जिथं नाकाचा शेंडा चिमटीत धरून वर उचलावा लागतो, आणि हनुवटीच्या कडेची, जिथं जीभ आतून गाल फुगवून मदतीला येते. सगळं झाल्यावर ओली तुरटी फिरवायची. जिथं निष्काळजीपणा झाला नेमकी तिथंच ती झोंबते. तिच्यापुढं वशिला चालत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही 'परंपरेची' ओढ म्हणजे जुन्या काळाचं गोंडस चित्र नाही का? ज्या काळाची आपण आठवण काढतो त्या काळात कुणाच्या गालाला कुणाचा वस्तरा लागायचा हे ठरलेलं होतं. न्हावी बलुतेदार होता, त्याच्या कष्टाचं मोल सुगीला धान्यात व्हायचं, आणि गावातली काही माणसं त्याच्या पाटापर्यंत पोचूच शकत नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत लिहून ठेवलं आहे की साताऱ्यात न्हाव्यांची वाण नव्हती, पैसे द्यायची ऐपतही होती, तरी घरातल्या मुलांचे केस थोरली बहीण कापायची, कारण अस्पृश्याच्या डोक्याला कुणी न्हावी हात लावायला तयार नव्हता. हे वाचलेल्या माणसानं वस्तऱ्याच्या सोनेरी दिवसांबद्दल उसासे टाकू नयेत. पण मी ज्या दाढीबद्दल बोलतोय ती त्या वस्तऱ्याची नाहीच. घरी, स्वतःच्या हातानं, दुधारी पातं लावून केलेली दाढी ही जेमतेम सव्वाशे वर्षांची गोष्ट आहे. किंग कँप जिलेटच्या कंपनीनं १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघी ५१ रेझरं आणि १६८ पाती विकली. पुढं पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं सैनिकांना सुमारे ३५ लाख रेझरं वाटली आणि ती सवय घरोघर गेली. पात्याची पुडी विकत घेणाऱ्याला दुकानदार जात विचारून परत पाठवत नाही, आणि आरशासमोरचा माणूस आपला आपण न्हावी असतो. या दाढीला जुनी म्हणायचं तर म्हणावं. सनातन मात्र ती अजिबात नाही. आणि ज्यांना तरीही दुसऱ्याच्या हातची दाढी आवडते त्यांच्यासाठी कोपऱ्यावरचं सलून आहेच. तिथं कारागीर कागदात गुंडाळलेलं पातं कागदासकट मधोमध मोडतो, अर्धं वस्तऱ्यात बसवतो आणि अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवतो. ते मोडतानाचा 'टक' आवाज म्हणजे नव्या पात्याची हमीच.

पाण्याचं महत्त्व न ओळखल्यानं केवढं फसायला होतं याचा धडा त्याच जिलेट कंपनीनं भारतात घेतला. इथल्या बाजारासाठी बनवलेलं एक दोन पात्यांचं रेझर त्यांनी आधी बॉस्टनजवळ, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून वापरून पाहिलं. मुलांना ते आवडलं. भारतात आलं आणि केसांनी तुंबू लागलं. कारण साधं होतं: बॉस्टनच्या मुलांपुढं वाहता नळ होता, इथला माणूस वाटीभर पाणी पुढं घेऊन, बऱ्याचदा जमिनीवर बसून दाढी करत होता. मग कंपनीची माणसं इथं येऊन लोकांच्या घरात दाढी कशी होते ते पाहत बसली, आणि २०१० साली एकाच पात्याचं, चटकन विसळलं जाणारं रेझर बाजारात आलं. रेझर १५ रुपयांना, त्याचं पातं ५ रुपयांना. इथल्या कानाकोपऱ्यातल्या माणसाला जे ठाऊक होतं ते शिकायला एवढा वळसा पडला. वाटीभर पाण्यात दाढी होते, फक्त त्या वाटीला साजेसं हत्यार हवं. नळ सोडून त्याखाली रेझर धरणाऱ्यांपेक्षा ही वाटी पाण्याची कदरही जास्त करते. मराठवाड्यातल्या मे महिन्यात याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

खरी कसोटी प्रवासात लागते. घरी आरसा, उजेड, गरम पाणी सगळं हाताशी असतं, तिथं कुठलीही पद्धत रुळते. घराबाहेर एकेक गोष्ट गळत जाते आणि काय वगळून चालतं ते कळतं. विमानाच्या केबिनमध्ये सुटी पाती नेऊ देत नाहीत. ठीक आहे, ती खालच्या सामानात जावीत किंवा उतरल्यावर घ्यावीत. दुधारी पात्याची मधली खाच १९३०च्या सुमारास जी ठरली ती आजही तीच आहे, त्यामुळं जर्मन हँडलमध्ये कोल्हापूरच्या टपरीवरचं पातं बिनतक्रार बसतं. कार्ट्रिजवाल्याला मात्र आपल्या जातकुळीचंच डोकं शोधत फिरावं लागतं. आंतरराष्ट्रीय विमानाच्या केबिनमध्ये बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटरवरचा द्रव चालत नाही, पण साबणाची कांडी द्रवात मोडत नाही. आफ्टरशेव्हची बाटली घरी राहिली तर बोटाएवढा तुरटीचा खडा तिचं काम करतो. आरसा नसला तर बोटांनी चाचपून दाढी होते, अंधुक उजेडात तर तीच जास्त विश्वासाची. रेल्वेच्या डब्यात, दाराजवळच्या बेसिनपाशी, लोक अजूनही दाढी करतात. त्यातले जाणते फेस चालत्या गाडीत लावतात आणि पातं गाडी जंक्शनात थांबली की उचलतात. मधल्या वेळात रुळांच्या खडखडाटात केस निवांत भिजत पडलेला असतो. घरी घड्याळ लावून मिळत नाही तेवढी फुरसत इथं सक्तीनं मिळते, आणि गाडीतल्या दाढीची जी एक वेगळीच चव सांगतात तिचं निम्मं कारण मला यातच दिसतं.

फक्त ब्रशचं गणित उलटं आहे. दाढीच्या सरंजामात बाकी सगळ्यांना ओलावा लागतो, ब्रशला मात्र काम झाल्यावर वारा लागतो. ओलाच डबीत कोंबला तर दुसऱ्या मुक्कामी झाकण उघडताच कुबट वास येतो आणि बुडाशी केस सुटू लागतात. म्हणून तो झटकून, टॉवेलावर पुसून, लॉजच्या खिडकीत वाळत ठेवावा लागतो. गाडीची वेळ होते, पाती, साबण, तुरटी, सगळं आठवणीनं पिशवीत जातं, खोलीची किल्ली खाली देऊन होते, आणि खिडकीच्या गजाला टेकून तो एकटा वाळत राहतो.