अडीच सेकंदांचा कागद

जळक्या कागदाचा वास आला की मला पुण्यातली एक लहानशी खोली आठवते. 1976 साली मी एका संस्थेच्या ध्वनिप्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागलो. भिंतींना आवाज शोषणारी गोणपाटं ठोकलेली, खिडकी कायमची बंद आणि मधोमध भक्कम टेबलावर सोनाग्राफ. के इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने 1951 साली असं पहिलं यंत्र बाजारात आणलं होतं. आमचं यंत्र त्याच घराण्यातलं.

त्याची रीत आज कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही. टेपवरचा आवाज आधी यंत्रातल्या चुंबकीय तबकडीवर उतरवायचा. तबकडीवर मावायचे फक्त 2.4 सेकंद. वरच्या दंडगोलाला राखाडी कागद घट्ट गुंडाळायचा आणि यंत्र सुरू करायचं. मग तेच जेमतेम अडीच सेकंद पुन्हा पुन्हा फिरत. दर फेऱ्याला फिल्टर थोडा वरच्या वारंवारतेकडे सरके आणि सुई कागदावर केसभर वर चढे. त्या वारंवारतेला ज्या क्षणी आवाजात जोर असेल, तिथे ठिणगी पडून कागद काळा होई. काही मिनिटांनी खोलीत धुराचा वास भरलेला असे आणि हातात एक कागद असे: आडवा काळ, उभी वारंवारता, आणि जितका जोर तितका काळेपणा. नुकताच हवेत विरलेला माणसाचा आवाज समोर पसरलेला असे.

आमचं मुख्य काम मराठी उच्चारांचं. कोकणातून, वऱ्हाडातून, मिरजेकडून टेपा यायच्या. ‘जग’ हा एकच शब्द घ्या. दुनिया या अर्थाचा ‘जग’ आणि ‘सुखाने जग’ मधला ‘जग’ लिहायला सारखे, पण तोंडात वेगळे. कागदावर तो फरक डोळ्यांनी दिसायचा. जगण्यातल्या ‘ज’चं घर्षण वरच्या पट्टीत काळं उमटे, दुनियेतल्या ‘ज’चं त्याच्या खाली. देवनागरीने जे एका अक्षरात मिटवून टाकलं होतं, ते ठिणगीने उघड केलं होतं. तो कागद पहिल्यांदा पाहिला त्या रात्री मला झोप लागली नाही.

कागद परदेशातून यायचा आणि मोजून मिळायचा. आमच्या सरांचा त्यामुळे एक नियम होता: “आधी तीनदा ऐक, मग कागद लाव.” अर्ध्या तासाच्या टेपमधले नेमके कोणते अडीच सेकंद उचलायचे हे कानानेच ठरवावं लागे. कान आधी, डोळा नंतर, हा क्रम आम्हाला कुणी तत्त्वज्ञान म्हणून शिकवला नाही. कागदाच्या टंचाईने तो अंगवळणी पडला.

यंत्राच्या तोंडावर एक खटका होता. त्याला दोनच जागा: 45 आणि 300. हे फिल्टरच्या रुंदीचे आकडे, हर्ट्‌झमधले. 45 वर ठेवलं की फिल्टर अरुंद. सूर बारकाईने वेगळे व्हायचे, पण काळ पुसट व्हायचा, सुमारे 22 मिलिसेकंदांपर्यंत. 300 वर काळ तीन-साडेतीन मिलिसेकंदांपर्यंत धारदार, पण जवळजवळचे सूर एकमेकांत मिसळायचे. मी सरांना विचारलं होतं, दोन्ही बारीक दाखवणारं यंत्र का नाही बनवत? सर गाण्याचे दर्दी. ते म्हणाले, “विलंबितात गवय्या गंधारावर थांबतो, तेव्हा तो गंधार किती उतरा आहे हे तुझा कान सांगतो. द्रुत तानेत तोच गंधार निसटता लागतो. कधी लागला ते बरोबर कळतं. किती उतरा होता ते सांगता येत नाही. सूर ओळखायला वेळ लागतो रे. दोन्ही एकदम मागायचं नसतं.”

डेनिस गाबोर या हंगेरियन अभियंत्याने 1946 साली नेमकं हेच गणिताने मांडलं होतं. काळातली अनिश्चितता आणि वारंवारतेतली अनिश्चितता यांचा गुणाकार एका मर्यादेखाली कधीच जात नाही. कितीही महाग यंत्र आणा, ती मर्यादा ओलांडता येत नाही. सरांच्या तानेच्या दाखल्यामुळे मला ते गणित वाचण्याआधीच पटलं होतं.

सर अभिमानाने सांगायचे की सुराचं मोजमाप आपल्या मुलखाला नवं नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीने बावीस श्रुतींचा हिशेब मांडला. त्यांचं पुस्तक 1910 चं. सी. व्ही. रामन यांनी 1920 साली दाखवून दिलं की तबला-मृदंगाच्या पुडीवरची शाई चामड्याच्या बेसूर कंपनांना सुरात आणते. पण मोजला जाई तो थांबलेला, ठरलेला सूर. दरबारीचा गंधार आंदोलनात वर-खाली होतो, तो पकडायचा कसा? भातखंड्यांच्या स्वरलिपीत मात्रा आडव्या मांडल्या आणि मींडेसाठी कमान काढली. काळ आणि सूर एका कागदावर आले खरे, पण कमानीच्या पोटात काय घडतं ते गुरूच्या गळ्यातच राहिलं. ज्या दिवशी सोनाग्राफवर दरबारीचं आंदोलन लाटेसारखं उमटलं, त्या दिवशी सरांनी तो कागद कितीतरी वेळ हातातून खाली ठेवला नव्हता.

माझ्या हातून झालेली चूकही त्याच खटक्याची. 1981 च्या पावसाळ्यात सरांचे एक डॉक्टर मित्र टेप घेऊन आले. एका वृद्ध रुग्णाच्या श्वासाचा आवाज. “फुप्फुसांच्या तळाशी दोन्हीकडे क्रेप्स आहेत,” ते म्हणाले, “तुमच्या कागदावर दिसतात का पाहा.” सकाळभर मी गाण्याच्या टेपा केल्या होत्या, खटका 45 वरच होता. कागद निघाला तो नुसत्या धुक्याचा. मी वहीत लिहून टाकलं: क्रेप्स नाहीत.

डॉक्टर हसले नाहीत की चिडले नाहीत. त्यांनी माझ्या कानाशी माझेच केस दोन बोटांत धरून चोळले. “असा आवाज शोधा.” ती बारीक चरचर ऐकली आणि माझं लक्ष खटक्याकडे गेलं. 300 वर दुसरा कागद काढला. श्वास आत घेण्याच्या शेवटाला कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या, बारीक रेघा उमटल्या होत्या. अशी एक चरचर अवघी पाच मिलिसेकंदांच्या आसपासची. 22 मिलिसेकंदांच्या पुसटपणात ती विरघळून गेली होती. सर एवढंच म्हणाले, “कागदावर दिसलं नाही म्हणून आवाजात नव्हतं, असं पुन्हा लिहू नकोस. कोणत्या खटक्यावर दिसलं नाही ते लिही.” त्या दिवसापासून प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने 45 किंवा 300 लिहीत आलो.

जाताना डॉक्टरांनी आठवण करून दिली की 1816 साली पॅरिसमध्ये रेने लेनेकने कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीला लावली, तिथून स्टेथोस्कोप जन्मला. “त्यांनीही कागदच गुंडाळला होता,” ते म्हणाले. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपलाही दोन तोंडं होती: खोल, खर्जातल्या आवाजांसाठी बेल आणि वरच्यांसाठी डायफ्रॅम. मायट्रल झडप अरुंद झाली की होणारी खर्जातली घरघर ऐकायला ते रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून बेल हलकेच टेकवत. आपण काय ऐकतो ते आधी आपल्यालाच निवडावं लागतं, हे त्यांच्या बोटांनाही ठाऊक होतं.

आमचं यंत्र नव्वदच्या दशकात खोलीबाहेर गेलं. त्याची जागा घेणारी युक्ती खरं तर 1965 सालीच कूली आणि ट्यूकी यांनी छापली होती. 1,024 आकड्यांच्या आवाजाचं पृथक्करण सरळ मार्गाने करायचं तर दहा लाखांहून जास्त गुणाकार लागत. त्यांच्या रीतीने ते काम सुमारे दहा हजारांत होतं. संगणक स्वस्त होईपर्यंत ती युक्ती आमच्या दारात आली नव्हती, एवढंच. आज ती प्रत्येकाच्या खिशात आहे. फोन एका सेकंदात आवाजाचे 44,100 नमुने घेतो आणि बोलता बोलता रंगीत चित्र पडद्यावरून वाहत जातं. ॲमस्टरडॅमच्या अभ्यासकांनी बनवलेलं ‘प्रात’ कुणालाही फुकट उतरवून घेता येतं. मेंदूतल्या 8 ते 13 हर्ट्‌झच्या अल्फा लहरी डोळे मिटताच कशा उसळतात, हृदयाच्या ठोक्याठोक्यातलं अंतर श्वासाबरोबर कसं डोलतं, हे सगळं त्याच आडव्या-उभ्या पटावर दिसतं. तेलाचा शोध घेणाऱ्या भूभौतिकीच्या कामातून फ्रान्सच्या झाँ मोर्ले यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वेव्हलेटची वाट दाखवली: वरच्या सुरांसाठी आखूड खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा आवाजाचा तुकडा आखूड, आणि खर्जासाठी लांब. आमच्या खटक्याला दोनच जागा होत्या. गाबोरची मर्यादा तीच राहिली, पण तिच्या आत हवी तशी जागा निवडण्याची मोकळीक मिळाली. हे पाहायला सर हवे होते, असं फार वाटतं.

गेल्या वर्षी शेजारची मुलगी लॅपटॉप घेऊन आली. बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. छातीच्या आवाजांवर तिचा प्रकल्प. “आजोबा, हा व्हीझ बघा किती सुरेख दिसतोय. पण डॉक्टरांनी इथे क्रेप्सपण लिहिलेत आणि चित्रात तर काहीच नाही. त्यांचंच चुकलं असणार.” व्हीझची, म्हणजे श्वासातल्या शिट्टीसारख्या आवाजाची, आडवी रेघ खरोखर सुरेख होती, तंबोऱ्याच्या तारेसारखी सरळ. बाकी सगळं धुकं.

ते धुकं मी ओळखलं. “खिडकी केवढी घेतलीस?”

“ते डिफॉल्टच आहे, आजोबा. मी काही बदललं नाही.”

आवाज सेकंदाला 4,000 नमुन्यांचा आणि खिडकी 1,024 ची, म्हणजे पाव सेकंदाहून मोठी. मी तिला 64 करायला सांगितलं, म्हणजे 16 मिलिसेकंद. व्हीझची रेघ जाड, भोंगळ झाली आणि तिच्या शेजारी कंगव्याचे दात उभे राहिले. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने आपण होऊन हेडफोन लावले आणि डोळे मिटून ऐकू लागली. कानाशी केस कसे चोळायचे ते मी तिला दाखवलं.

तेव्हाचं सगळं चांगलं आणि आताचं उथळ, असं मी म्हणणार नाही. आम्हाला दिवसभरात जेवढे कागद निघत, तेवढी चित्रं ती एका मिनिटात काढते, आणि तिच्या पिढीचं हे काम उद्या खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत पोचेल. फक्त आमचा खटका कायम डोळ्यांसमोर असे. निवड आपलीच आहे हे एकदा चुकल्यावर लक्षात राहायचं. आता ती निवड दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते आणि चित्र इतकं देखणं असतं की विचारायचं सुचत नाही.

माझ्या कपाटात एक खोकं आहे. त्यात सरांच्या आवाजाचा एक कागद आहे. रोज सकाळी यंत्र तपासायला ते एक वाक्य बोलत, त्यातलाच एक. कडा पिवळ्या पडल्या आहेत, पण काळे पट्टे शाबूत आहेत. कोपऱ्यात माझ्या हातचं 300. त्या खटक्यावर स्वरतंतूंचा एकेक ठोका उभ्या रेघेसारखा दिसतो. भिंग घेऊन मी मोजलं आहे: एका स्वरावर सेकंदाच्या दहाव्या भागात 12 रेघा. म्हणजे सरांचा सूर सेकंदाला 120 कंपनांचा. कागद मला त्यांचा सूर सांगतो, पण ऐकवत नाही. टेप महाग होती. आम्ही तिच्यावर दुसरं काहीतरी घेतलं. आणि 45 वर तो आवाज कसा दिसला असता, हे आता कधीच कळणार नाही.

म्हणून हे काम करणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला हात जोडून सांगतो: चित्राच्या कोपऱ्यात खिडकीचा आकडा लिहा, चित्र पाहण्याआधी तीनदा ऐका, आणि मूळ आवाज पुसू नका. चित्र हव्या त्या खिडकीतून पुन्हा काढता येतं. आवाज परत आणता येत नाही.