आज रात्री कुठं काय आहे?

मे महिन्याच्या सुट्टीत लेक पुण्याहून घरी आली. दुसऱ्याच दिवशी कूलरपुढं पाय पसरून मोबाईल चाळता चाळता म्हणाली, "अम्मी, आज रातकू अपने यहाँ किधर कुछ लाइव्ह है क्या?"

मला वाटलं, क्रिकेटचं विचारतेय. तसं नव्हतं. पुण्यात ती शनिवारी ॲप उघडते, आज रात्री कोण कुठं गाणार याची यादी समोर येते, मैत्रिणी मिळून तिकिटं काढतात आणि जातात. गाणारी चार-पाच पोरं-पोरी असतात. गिटार, ड्रम त्यांचेच, गाणीही त्यांनीच लिहिलेली. सिनेमाची नाहीत, मोठ्या कंपनीचीही नाहीत. याला ती 'इंडी' म्हणते. 2010 साली पुण्यातच एनएच सेव्हन वीकेंडर नावाचा मोठा जलसा सुरू झाला आणि ही हवा वाढली, हेही तिनंच मला सांगितलं.

तिनं ॲपमध्ये मोहोळ टाकलं. काही नाही. सोलापूर टाकलं, तर एका हास्यकलाकाराचा कार्यक्रम, तोही पुढच्या महिन्यात. "यहाँ कुछ होताच नहीं," असं म्हणून तिनं मोबाईल उपडा ठेवला.

मला राग आला. ज्या जिल्ह्यात दर दोन कोसांवर जत्रा नाहीतर उरूस आहे, कुठं भजनी मंडळ, कुठं हलगीवाले, कुठं बँडवाले राहतात, मोडनिंबला संगीत बारीच्या बायका आजही बैठकीत गातात, तिथं काहीच होत नाही? होतं. फक्त ॲपला कळत नाही.

मग कुणाला कळतं? मी तिला घेऊन बाजारात गेले. चहाच्या टपरीवाल्यानं डीजेची वरात सांगितली; ती नको होती. एका रिक्षावाल्यानं कीर्तन सांगितलं, पण ते कालच झालेलं. शेवटी आम्ही मंडप आणि साउंडवाल्याकडं गेलो. हा माझा शोध मी सगळ्यांना फुकट देते: तालुक्यात आज रात्री कुठं काय आहे हे जाणायचं असेल तर ज्याच्याकडून स्पीकर भाड्यानं जातात त्याला विचारा. त्याची वही म्हणजेच यादी. एकाच पानावर हळद, पारायण, भीमजयंतीचा राहिलेला गाण्यांचा कार्यक्रम, वास्तुशांत आणि एका खेड्यातला उरूस. उरसापुढं लिहिलं होतं, 'कव्वाली, दोन भोंगे, चार माइक'.

"संदल काल झाला, आज उरूस. नऊ वाजता बसतील, टीचर. लवकर जावा, दहाला बंद करावं लागतंय," तो म्हणाला.

ते दहाचं प्रकरण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचं. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस मोठ्या सणांत संपतात, खेड्यातल्या पीराच्या वाट्याला येत नाहीत. नियम वाईट नाही. परीक्षेच्या दिवसांत मीच डीजेवाल्यांना शिव्या घातल्यात. पण कव्वालीची तब्येतच वेगळी. आधी हम्द, मग नात, मग ज्याचा उरूस आहे त्याची मनकबत, आणि रंग चढायचा तो त्यानंतर. तासाभरात उरकायचं म्हणजे नुसती ओळखपरेड.

मी लहान असताना कव्वाली फजरच्या अजानीपर्यंत चाले. अब्बा भाईजानला खांद्यावर बसवून नेत. मला नाही. मी नऊ वर्षांची होते, हट्ट धरला, तर अम्मीनं एक धपाटा देऊन छतावर पाठवलं. छतावरून टाळ्या ऐकू येत. शब्द कळत नसत, बाजाचा सूर वाऱ्याबरोबर येई-जाई, टाळी मात्र स्पष्ट. भाईजान सकाळी झोपाळलेल्या डोळ्यांनी सगळं सांगायचा: कव्वालानं कसा हात उंचावला, कुणी नोटा उधळल्या. इस्माईल आझाद, यूसुफ आझाद, शकीला बानो भोपाली, अझीज नाजाँ ही नावं मला त्याच्याकडूनच कळली. मोठी झाल्यावर कॅसेट ऐकल्या, यूट्यूब ऐकलं. पण समोर बसून ऐकलेली कव्वाली, वय वर्षं सेहेचाळीस, एकही नाही.

आमच्या बायकांकडं गाणं नव्हतं असं नाही. दादी जात्यावर दखनीत गायची, त्यात अल्लाचं नाव असायचं आणि सासूची गाऱ्हाणीही. पुढं वाचलं तेव्हा कळलं, की याला चक्कीनामा म्हणतात आणि विजापूर-गुलबर्ग्याकडच्या सूफींनी बायकांसाठी अशी गाणी रचली. काही तर ख्वाजा बंदानवाज यांच्या नावावर आहेत. शाहीर अमर शेखही बार्शीचेच. लोकगीतांचा पहिला धडा त्यांना आई मुनेरबीकडून मिळाला. लेक शिकून मैदानात गेला, हजारोंपुढं गायला. मुनेरबी कुणापुढं गायल्या असतील?

तर मी ठरवलं, जायचं. मिस्टर गाडी काढायला तयार झाले. त्यांचा ऊस नुकताच गेला होता, मूड बरा होता. सात वाजता भाईजानचा फोन. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे.

"तू कव्वालीकू जारी बोले? गाना-बजाना जायज नहीं, तेरेकू मालूम नै क्या? और टीचर है तू, लोगां क्या बोलेंगे?"

हा तोच भाईजान, खांद्यावर बसून जाणारा. गेली दहा-बारा वर्षं तो जमातमध्ये जातो. त्याच्या घरी टीव्हीही नाही. त्याची श्रद्धा खरी आहे, ती मी थट्टेवारी नेत नाही. वाद्यांबद्दल उलेमांत मतभेद आहेत, चिश्ती बुजुर्गांनी समा ऐकला, इतरांनी मना केलं. मी काही आलिमा नाही. जो लांब राहतो त्यानं राहावं. पण 'लोगां क्या बोलेंगे' ही काही हदीस नव्हे, एवढं मला कळतं. मी म्हटलं, "भाईजान, चालीस बरस पैले तू गया था. अब मेरी बारी." तिकडं थोडा वेळ शांतता, मग फोन कट.

गेलो. बायकांसाठी बाजूला कनात लावली होती. लेक म्हणाली, इथून दिसत नाही. एका म्हाताऱ्या खालांनी कनातीचं टोक उचलून खांबाला बांधून टाकलं, "देखो बेटा," म्हणाल्या आणि पानाची डबी उघडली. कुणी काही बोललं नाही.

पार्टी सात जणांची. कव्वाल हार्मोनियमवर, एक बेंजोवाला, ढोलकवाला, बाकीचे कोरसला. ढोलकवाल्याच्या मनगटावर निळा धागा होता. चहाच्या वेळी विचारलं तर म्हणाला, एरवी तो भीमगीतांच्या पार्टीत वाजवतो. मला नवल वाटलं नाही. मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे इस्माईल आझाद यांच्या पार्टीत कोरसला होते. पुढं त्यांचीच विठ्ठलाची आणि भीमाची गाणी घराघरांत गेली. त्या आवाजातली ती वर चढत जाणारी हाक आली कुठून, हे कव्वाली ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही.

कव्वालाचा आवाज थोडा बसलेला होता, आदल्या रात्रीही गायला असणार. नात चांगली झाली. मनकबत त्यानं स्वतः लिहिलेली, त्यात या गावाचं नाव, इथल्या ओढ्याचं नाव. लेकीनं माझ्याकडं बघितलं. "खुद का लिखेला?" मी मान हलवली. ती मोबाईलवर रेकॉर्ड करत होती, तो तिनं खाली ठेवला आणि टाळी धरली. तिची टाळी चुकत होती. माझी नाही.

पावणेदहाला रंग चढायला लागला. मराठीत एक बंद घेतला तसे पुढं बसलेले पाटील उठले आणि शंभराची नोट ठेवून गेले. दहाला पाच कमी असताना हवालदार मोटरसायकलवरून आला, काही बोलला नाही, घड्याळ बघत उभा राहिला. कव्वालानं त्याला सलाम केला. माइक बंद झाले. तरी पार्टी पाच-सात मिनिटं तशीच, बिनमाइकची गात राहिली, आणि तेवढी मिनिटं खरी कव्वाली होती. हवालदारही ऐकत होता.

निघताना कव्वालानं लेकीला कार्ड दिलं: मोबाईल नंबर, खाली 'सर्व प्रकारच्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्या स्वीकारल्या जातील'. तिनं नंबर सेव्ह केला. पुण्यात मित्रांना ऐकवणार म्हणे.

घरी पोचायला साडेअकरा झाले. मोबाईल बघितला तर भाईजानचा मेसेज, अकराला आलेला.

"बाजे पे कौन था?"