मध्यम-पंचमामधली दरी

सप्तकात मध्यम आणि पंचम हे सख्खे शेजारी असल्यामुळे गळ्याला त्यांच्यातली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणारी ओढ, घेताना काहीच अडत नाही. सहा छिद्रांच्या बासरीवर मात्र हेच दोघे बोटांच्या हिशेबाने एकमेकांपासून सर्वांत लांब पडतात. तोंडाजवळची तीन छिद्रे झाकल्यावर षड्ज लागतो, एकेक बोट उचलत गेले की ऋषभ व गंधार येतात, उरलेले छिद्र अर्धे उघडले की शुद्ध मध्यम आणि सारी छिद्रे मोकळी सोडली की तीव्र मध्यम उमटतो. पुढच्या पंचमासाठी मात्र सहाही बोटे एकदम खाली आणून फुंक बदलावी लागते. यमनासारख्या रागात ही दरी क्षणोक्षणी ओलांडावी लागते.

पन्नालाल घोष (1911-1960) यांनी गुराख्याच्या पाव्याचे ख्यालाची आलापी पेलणारे वाद्य केले, ते सुमारे 32 इंचांच्या लांब, खर्जाच्या बासरीमुळे, असे सहसा सांगितले जाते. परंतु त्या लांबीहूनही मोलाचे आहे ते त्यांनी तळाशी पाडलेले, करंगळीने झाकायचे सातवे छिद्र, कारण तेही झाकले की तीव्र मध्यम मिळतो आणि करंगळी अलगद सरकवत पंचमापर्यंत सलग जाता येते.

एवढी लांब बासरी घडते ती मुळात बांबूच्या उदारपणामुळे. दोन गाठींमधल्या भागाला पेर म्हणतात. ते लांब, सरळ आणि पातळ सालीचे हवे, म्हणून उत्तर प्रदेशातल्या पिलिभीतचे कारागीर आसामातून बांबू आणतात, तो वाळवतात आणि तापलेल्या सळईने छिद्रे पाडतात. लाकूड कोरून नळी करता येते, बांबू मात्र आधीच पोकळ असतो, आणि प्रत्येक पेराचा घेर व जाडी निराळी असल्याने छिद्रांच्या जागा अखेर कानानेच ठरतात.

रानात तर सळईचीही गरज पडत नाही. किड्यांनी पोखरलेल्या, वाऱ्याने वाजणाऱ्या वेळूला संस्कृतात कीचक असे नाव आहे, आणि ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात कालिदासाने असा हिमालय कल्पिला आहे, जो गुहांच्या तोंडून निघालेल्या वाऱ्याने या वेळूंची छिद्रे भरतो, जणू गाऊ पाहणाऱ्या किन्नरांना त्याला सूर धरून द्यायचा आहे.