पट्टी सुटताना

ल्युमिएर हे नाव आपल्याला सिनेमामुळे माहीत असते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पहिल्यांदा हलती चित्रे दाखवली गेली ती याच फ्रेंच बंधूंची. त्यांतला थोरला ऑगस्त पुढे वैद्यकाच्या नादी लागला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने जखमांसाठी एक पट्टी तयार केली. विरळ विणीचे जाळीदार कापड, पॅराफिनमध्ये भिजवलेले. नाव ‘त्युल ग्रा’, म्हणजे सरळ मराठीत तुपट जाळी. पडद्यावरच्या करामतीपेक्षा मला हीच मोठी वाटते. त्याला कारण आईचा पाय.

आई ८४ वर्षांची, साखरेचा विकार जुना. २०२४ च्या श्रावणात पलंगाच्या लोखंडी कडेवर तिची नडगी घासली आणि पापुद्र्यासारखी झालेली कातडी एका बाजूला दुमडून गेली. गावातल्या दवाखान्यात जखम पुसून कोरडे गॉझ बांधले. खरे दुखणे तिसऱ्या दिवशी, पट्टी सोडताना सुरू झाले. जखमेतली लस गॉझच्या धाग्यांत वाळते, खाली धरू लागलेली नाजूक कातडी त्या धाग्यांना चिकटते. पट्टी ओढली की दोन दिवसांची कमाई तिच्याबरोबर निघून येते. पुन्हा रक्त, पुन्हा कोरडे गॉझ. आई ओरडणाऱ्यांतली नव्हे. पण चौथ्या खेपेला तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला आणि म्हणाली, “राहू दे बाबा आता. वाळंल आपोआप.”

मी घाबरलो तो या वाक्याला. साखरेच्या माणसाने पट्टी नाकारली की गोष्ट कुठवर जाते, हे आमच्याच गल्लीत पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी तिला बेळगावला नेले. डॉक्टरांनी आधी पावलावरची नाडी चाचपली, मग ड्रेसिंगला एक कन्नड सिस्टर आल्या. त्यांनी जुने गॉझ सलाइनने भिजवले आणि चांगली दहा मिनिटे नुसती वाट पाहिली. ते आपोआप सैल झाल्यावर दुमडलेली कातडी ओल्या बोळ्याने हलके हलके मूळ जागी सरकवली. वर सिलिकॉन लावलेली पारदर्शक जाळी ठेवली, तिच्यावर गॉझची घडी, आणि सैल बँडेज. कातडीला चिकटपट्टी कुठेच लावली नाही. शेवटी बँडेजवर पेनने एक बाण काढला. पुढच्या खेपेला कोणी सोडले तरी दुमडीच्या मुळाकडून मोकळ्या कडेकडेच सोडावे, उलट ओढले तर बसलेली कातडी पुन्हा उचलते. कन्नड-मराठी मिसळून त्यांनी मला बजावले, “वरची घडी भिजली की बदला. जाळीला हात लावू नका. वास, सूज, पू, ताप काही दिसलं तर मात्र लगेच या.”

जाळीचे काम एवढेच. ती लस शोषत नाही, भोकांतून वरच्या घडीकडे जाऊ देते. नव्या कातडीला धरून ठेवत नाही, म्हणून ती आठवडाभर तशीच राहू शकते आणि रोज बदलते ती फक्त वरची घडी. पॅराफिनची जाळी स्वस्त, पण एक-दोन दिवसांत सुकते, मग तीही चिकटते. भोके मोठी असली तर खालचे मांस त्यांतून वर येते. जखम उघडी ठेवून वाळवावी, खपली धरली की बरी, हा आपल्या घराघरांतला समज. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ साली डुकरांवर प्रयोग करून दाखवले, की झाकून ओलसर राखलेल्या जखमेवर कातडी उघड्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने येते.

आपल्याकडचीही एक गोष्ट सांगायलाच हवी. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान कापडावर चिकटवून, निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांवर वापरले. २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्हॅसलिनच्या गॉझपेक्षा हे पान काढताना वेदना कमी, असा अनुभव आला. जेवणाचे पान जखमेवर! (परसातले पान तोडून तसेच लावायचे मात्र नाही.)

आठव्या दिवशी सिस्टरनी जाळी उचलली. आईने डोळे गच्च मिटून माझे मनगट धरले होते.

“नोवू आतेन्री अज्जी?”

आईने एक डोळा उघडला. “इल्लव्वा. काढलीस होय?”

जखम भरायला पुढे महिना लागला, पण पाय लुगड्याखाली पुन्हा गेला नाही.

शाळेच्या प्रथमोपचार पेटीत यंदा कापसाच्या गुंडाळीशेजारी पॅराफिन जाळीची दहा पाकिटे ठेवली आहेत. कबड्डीत गुडघे फोडून येणाऱ्या पोरांच्या जखमेवर थेट कापूस दाबायचा नाही, हे क्रीडाशिक्षकांना सांगितले. कारकुनांनी साठानोंदवहीत काय लिहायचे ते विचारले. मी म्हणालो, “लिहा, न चिकटणारी जाळी.”