चौसष्ट सालचे उपविजेते

२७ मे १९६४ हा दिवस पंडित नेहरूंच्या निधनाचा दिवस म्हणून देशाच्या स्मरणात कोरला गेला आहे. ते यथार्थच आहे. परंतु त्याच दिवशी मायदेशापासून हजारो मैल दूर, इस्रायलच्या भूमीवर, अकरा भारतीय खेळाडू फुटबॉलच्या मैदानात उतरले होते आणि आशियाचा विजेता असलेल्या दक्षिण कोरियाला त्यांनी २-० असे नमवले होते. ज्या दिवशी घराघरांत सुतक आहे, त्या दिवशी विजयाची विचारपूस कोण करणार? शोक ओसरला, तो विजय मात्र विस्मृतीतच राहिला.

आशिया चषकाची ती तिसरी स्पर्धा. पहिली १९५६ साली हाँगकाँगला झाली, दुसरी १९६० साली सेऊलला, आणि दोन्ही वेळा दक्षिण कोरियानेच बाजी मारली. इस्रायलमधल्या स्पर्धेत अवघे चार संघ होते: यजमान इस्रायल, दक्षिण कोरिया, हाँगकाँग आणि भारत. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे, जिंकल्यास दोन गुण, बरोबरी झाल्यास एक. अंतिम सामना असा नव्हताच. आठवड्याभरात तीन झुंजी आणि शेवटी गुणांची बेरीज, एवढाच सारा मामला.

या स्पर्धेला दोन वर्षांपूर्वीच्या जाकार्ताची पार्श्वभूमी होती. १९६२ च्या आशियाई खेळांत इंडोनेशियाने इस्रायल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. ऑलिंपिक समितीचे भारतीय सदस्य गुरुदत्त सोंधी यांनी त्याला जाहीर आक्षेप घेतला, आणि यजमानांचा रोष आपल्या खेळाडूंवर ओढवला. अंतिम सामन्यात प्रेक्षकांनी भारतीय संघाची हुर्यो उडवली. तरीही प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या शिष्यांनी कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. पी. के. बॅनर्जी व जर्नेलसिंग यांनी गोल केले. त्या संघात आपल्या गोव्याचे फोर्चुनातो फ्रांकोही होते. मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळणारा हा गुणी खेळाडू २०२१ साली निवर्तला.

रहीमसाहेब मात्र त्या विजयानंतर फार काळ जगले नाहीत. कर्करोगाने ११ जून १९६३ रोजी त्यांना नेले. वर्षाच्या आतच त्यांचा पोरका संघ इंग्लिश प्रशिक्षक हॅरी राइट यांच्या हाताखाली आणि चुनी गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली इस्रायलला निघाला. ज्या देशाशी भारताचे पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ पर्यंत जुळले नव्हते, त्या देशात आपला तिरंगा या खेळाडूंनी नेला.

कोरियाविरुद्ध अप्पलराजू यांनी दुसऱ्याच मिनिटाला गोल केला, पुढे इंदरसिंग यांनी दुसऱ्या गोलची भर घातली. २९ मे रोजी इस्रायलने आपल्याला २-० असे हरवले. हा पराभवच निर्णायक ठरला. २ जूनला हाँगकाँगवर ३-१ असा विजय मिळाला. इंदरसिंग, समाजपती आणि स्वतः कर्णधार यांनी एकेक गोल केला. आता भारताचे चार गुण झाले होते आणि इस्रायलचेही चारच होते. शेवटच्या सामन्यात कोरियाने इस्रायलला हरवले असते, तर तिघांचे गुण समान झाले असते. परंतु ३ जूनला इस्रायलने कोरियावर २-१ अशी मात केली आणि चषक यजमानांकडेच राहिला. भारत दुसरा आला. विशीतले इंदरसिंग इस्रायलच्या मोर्देखाय स्पीगलरसह स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे दोन गोल करणारे ठरले.

या यशाचे मोजमाप करताना आम्ही तराजू सरळ धरू इच्छितो. पात्रता फेरीतील आपल्या प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतली होती, म्हणून भारताला अंतिम चौघांत जागा मिळाली. चार संघांतला दुसरा क्रमांक म्हणजे साऱ्या आशियातला दुसरा क्रमांक, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण जे तीन सामने झाले, ते तर खरेच झाले. कोरिया काही माघार घेऊन हरला नव्हता. दुसऱ्याच्या गैरहजेरीने दार उघडले, तरी आत जाऊन काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

त्यानंतरचा इतिहास खिन्न करणारा आहे. या स्पर्धेत पुन्हा पाऊल ठेवायला भारताला १९८४ साल उजाडावे लागले, आणि तेथे एकही गोल झाला नाही. २०११ साली तिन्ही सामने गमावले. हाँगकाँगवरील त्या विजयानंतरचा पुढचा विजय ६ जानेवारी २०१९ रोजी, थायलंडविरुद्ध ४-१ असा, मिळाला. मधे साडेचौपन्न वर्षे गेली होती! २०२४ च्या जानेवारीत कतारमध्ये पुन्हा तीन पराभव झाले, तेही एकही गोल न करता. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने आपल्याला २-१ असे हरवले, तेव्हा २०२७ च्या स्पर्धेचे दारही बंद झाले.

रहीमसाहेबांनी घडवलेला संघ त्यांच्यामागे वर्षभर तग धरून राहिला, ही त्यांच्या शिकवणीची थोरवी होय. परंतु शिदोरी कितीही सकस असली तरी एका प्रवासापुरतीच पुरते. पुढच्या प्रवासासाठी चूल पुन्हा पेटवावीच लागते. एका पिढीच्या गुणवत्तेवर दुसरी पिढी विसंबून राहिली, की उरते ती फक्त आठवण. आणि आठवणही जपली नाही, तर तेवढेही उरत नाही.

आमच्या धर्मग्रामांच्या मैदानांवर संध्याकाळी चेंडूमागे धावणाऱ्या मुलांना परदेशी खेळाडूंची नावे तोंडपाठ असतात. त्याला आमची हरकत नाही. त्या नावांच्या शेजारी अप्पलराजू, समाजपती आणि इंदरसिंग ही नावेही त्यांच्या कानी पडावीत, एवढीच आमची इच्छा आहे. ती सांगण्याचे काम घरातल्या वडीलधाऱ्यांचे आहे.