अन्नपूर्णेशेजारची पाहुणी

वाशीम,
भाद्रपद शुद्ध षष्ठी

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

तुमचे पत्र निघण्याच्या गडबडीत हाती पडले, ते अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीत बसल्यावर सावकाशीने पुन्हा वाचले. चि. लेकीने अथेन्सहून आणलेली डिमीटरची मूर्ती तुम्हांला न विचारता देवघरात, तुमच्या माहेरच्या अन्नपूर्णेशेजारी मांडली, नित्य तिच्यापुढे निरांजन लावते, आणि या गोष्टीस आपल्या घरात थारा द्यावा की नाही याचा निवाडा मी करावा, असा तुमचा हुकूम आहे. मी काही शास्त्री नव्हे. परंतु ज्या मुलखात सध्या हिंडतो आहे, तेथे हा प्रश्न पदोपदी आपण होऊनच समोर येतो.

हे वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. अजिंठ्याचे सोळावे लेणे ज्याने करविले तो वराहदेव येथल्याच हरिषेण राजाचा सचिव. त्या वैभवातले आज डोळ्यांना फारसे काही दिसत नाही. दिसते ते भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी अठराव्या शतकात बांधविलेले बालाजीचे देऊळ आणि त्यापुढचे तळे. आता गंमत पाहा, बालाजी म्हणजे तेलुगू मुलखाचा धनी वेंकटेश. परंतु वाशीमकराला त्याचे मूळ गाव विचारलेत तर तो तुमच्याकडेच चमत्कारिक नजरेने पाहील.

यवनांची, म्हणजे ग्रीकांची, म्हणाल, तर त्यांचीही आपल्याशी ओळख जुनी. कार्ल्याच्या चैत्यातले काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी दान दिल्याचे तेथेच कोरलेले आहे, जुन्नरच्या लेण्यांतही त्यांची दाने आहेत. आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीत ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, लहानशी कांस्यमूर्ती निघाली, ती त्या शहराच्या टाउन हॉल संग्रहालयात उभी आहे. उलट दिशेची वाहतूकही होतीच. इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेईतल्या एका घरात 1938 साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या जातकुळीच्या मूर्ती आपल्या भोकरदनला आणि तेरला मिळाल्या आहेत. तिला आरंभी लक्ष्मी म्हटले गेले, पुढे यक्षी म्हणू लागले. त्या रोमन गृहस्थाच्या पत्नीनेही, ही कोण बया घरात आणलीत, असे नवऱ्याला विचारले असेलच.

उद्या रिसोडच्या बाजूस एका स्नेह्यांकडे महालक्ष्म्यांसाठी जात आहे.

रिसोड तालुका,
भाद्रपद शुद्ध अष्टमी

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

तुमच्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या वऱ्हाडात महालक्ष्म्या, आणि त्यांचा थाट असा की घरातली माणसे तीन दिवस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी वावरतात. काल अनुराधा नक्षत्रावर त्यांचे आवाहन झाले. तुळशीपासून माजघरापर्यंत हळदीकुंकवाची पावले उमटली, थाळी वाजली, आणि कोणत्या पावलांनी आलीस या नित्याच्या प्रश्नाला धनधान्याच्या पावलांनी हे नित्याचेच उत्तर घरच्या थोरल्या सुनेने असे ठणकावून दिले की जणू सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद करून घेत होती.

देव्या उभ्या करण्याचे काम मी जवळून पाहिले. पत्र्याच्या दोन कोठ्या. एकीत गहू, दुसरीत तांदूळ. त्यांवर लुगडी नेसवताना दोघी जावा दातांत टाचण्या धरून निऱ्या बसवीत होत्या. पितळी मुखवट्यांपैकी ज्येष्ठेच्या नाकाचे नथीचे भोक वर्षानुवर्षांच्या वापराने मोठे होऊन गेले आहे, त्यामुळे नथ मेणाने चिकटवावी लागते. नवे मुखवटे आणावेत असे धाकटीने सुचविताच सासूबाईंनी तिच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, तीत सारे धर्मशास्त्र सामावलेले होते. आज पूजन, पुरणपोळी, सोळा भाज्यांची मिसळ, डोक्यावर टांगलेला फुलोरा, आणि या सर्वांहून आवश्यक अशी, रात्रभर ताकात भिजवलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील. इतर पदार्थ एखादे वेळी राहिले तर देवी क्षमा करील, आंबील राहिली तर करणार नाही, अशी येथील समजूत आहे.

तुमच्या घरच्या पाहुणीची हकीकत आता ऐका. डिमीटर ही धान्याची देवता. तिची लेक पर्सेफोनी पाताळाच्या राजाने पळवून नेली, तेव्हा या मातेने शोकाने पृथ्वीवरचे पीकच थांबविले, आणि वर्षाचा काही भाग लेक माहेरी राहील असा तह झाल्यावरच शेते पुन्हा पिकली. शोधात भटकत ती इल्युसिस गावी एका घरात आली असता तिला मद्याचा पेला पुढे केला. तो नाकारून तिने जवाचे पीठ, पाणी आणि पुदिना यांचे पेय मागून घेतले. अथेन्समध्ये शरदातल्या पेरणीच्या सुमारास या मायलेकींचा सण असे. तो तीन दिवसांचा, विवाहित स्त्रियांचा, आणि मधल्या दिवशी उपवास. वेदीवरचे अवशेष बियाण्यात मिसळीत. ते अवशेष कशाचे, हे सोवळ्यातल्या माणसाच्या कानी न घातलेले बरे. देव्हाऱ्यांचे म्हणाल, तर ग्रीक गृहस्थाच्या कोठीघरात झेउसच्या नावाचा एक घट असे. कानांना पांढरी लोकर गुंडाळलेला, आत पाणी, तेल आणि नाना तऱ्हेची धान्ये. पुरुषाचा मान राखून त्याला मखर दिवाणखान्यात न देता धान्यापाशी दिले, हा त्या लोकांचा शहाणपणा मला फार आवडतो.

एवढे साम्य दिसले की आमचे काही विद्वान लगेच वंशावळ मांडू लागतात. यवनांनी आपल्याकडून नेले, किंवा आपण त्यांच्याकडून घेतले. मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. तिकडे सण पेरणीचा, इकडे पीक उभे. तिकडे मायलेकी, इकडे बहिणी. ज्यांचे पोट पावसावर आणि कणसावर अवलंबून आहे त्यांच्या घरातल्या बायका धान्याला आई मानून जेवू घालणारच. त्यासाठी कोणाचे जहाज कोणाच्या बंदरात लागण्याची गरज नव्हती.

शिरपूर,
भाद्रपद शुद्ध दशमी

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

मूळ नक्षत्रावर काल महालक्ष्म्या हलविल्या. मुखवटे उतरताच कोठ्यांतले धान्य धाकटी जाऊ मापाने काढू लागली, सासूबाईंचे डोळे मात्र ओले होते.

येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीस टेकत नाही, अशी भाविकांची श्रद्धा. श्वेतांबर व दिगंबर अशा दोन्ही पंथांचा तिच्यावर हक्क. कोणी कोणत्या वेळी पूजा करावी याचे वेळापत्रक 1905 साली ठरले, तरी वहिवाटीचा तंटा पेटतच राहून प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला. त्याचा निकाल 1929 सालचा. पुढे 1981 पासून दाराला कुलूप पडले, ते 2023 साली निघाले. दावे, जबान्या, नकला, मनाईहुकूम यांचे दफ्तर केवढे असेल याची कल्पना करीत मी देवळाबाहेर बराच वेळ बसलो होतो.

इल्युसिसचीही अशीच एक गोष्ट आहे. तेथे एक जुनी भग्न पाषाणमूर्ती अर्धी गाडलेली होती. वस्तुतः ती डिमीटरच्या मंदिरातली स्तंभकन्या, पण गावकरी तिलाच पिकांची रक्षणकर्ती मानून तिच्याभोवती खताचे ढीग घालीत. 1801 साली केंब्रिजच्या एडवर्ड क्लार्क नावाच्या साहेबाने अथेन्सच्या तुर्की अंमलदाराला एक दुर्बीण नजर करून फर्मान मिळविले आणि ती उचलून नेली. पिके बुडतील म्हणून गाव हवालदिल झाले. मूर्ती नेणारे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याशी फुटले, मूर्ती मात्र बचावली आणि आता केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. तेथे ती झाडूनपुसून स्वच्छ ठेवलेली असते. खत घालणारे कोणी नाही. माझ्या लेखी ती देवी इल्युसिसातच संपली.

तेव्हा वहिनी, तुमच्या देवघराला ना प्रिव्ही कौन्सिल आहे ना फर्मान, हे तुमचे भाग्य समजा. अन्नपूर्णा तरी तुमच्या घरची कशाने झाली? वाटीभर तांदळांवर बसवून इतकी वर्षे तुम्ही तिला खाऊ घातलेत म्हणूनच ना? नव्या पाहुणीची उस्तवार जो करील त्याची ती. फक्त लेकीला बजावा की दिवा लावून मोकळे होता येणार नाही. ती नोकरीच्या गावी गेली की नैवेद्याचा भार तुमच्यावर येणार, आणि तो तुम्हांला मान्य नसेल तर मूर्ती तिने आजच सोबत न्यावी. आकाराचेही पाहा: घरच्या पूजेची मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंत असावी, असे मत्स्यपुराण सांगते. विती­हून मोठी असेल तर दिवाणखान्यातल्या फडताळात शोभेल.

नैवेद्याला मद्य बिलकूल नको, तिने स्वतःच ते नाकारले आहे; आंबील चालेल, आणि पुदिन्याचे एक पान टाकल्यास विशेष प्रसन्न होईल. हळद मात्र जपून लावा. अथेन्सच्या बाजारातल्या या मूर्ती बहुधा संगमरवराच्या भुकटीच्या असतात, त्यांवरचा हळदीचा डाग जात नाही. उद्या कारंज्याकडे निघतो. तेथल्या मुक्कामाचा पत्ता पोहोचताच कळवीन. दादांना साष्टांग नमस्कार.

आपला नम्र दीर